शेजारच्या सीटचा ब्रेक

"बाबा, तुम्ही स्वतः गाडी का चालवत नाही हो कधी?"

प्रश्न खरं तर भिंगरीचा नव्हताच. लंबू आणि गोगलगाय या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता, आणि वर "हिंमत असेल तर विचारून दाखव" अशी फोडणीही दिली होती. भिंगरीला कुणी हिंमतीवरून बोललं की संपलंच. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, तीच ही मुलगी नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. दूधवाल्याशीसुद्धा ती आता हातवारे करून बोलायची.

स्पर्धेचा विषय होता 'खरं स्वातंत्र्य'. बाकीच्या सगळ्यांनी पिंजरे आणि पक्षी काढले. भिंगरीने थेट बाबांना काढलं. "माझ्या बाबांना साहेब नाही," ती माइकला जवळजवळ चावतच म्हणाली होती. "ते लोकांना गाडी शिकवतात. गाडी त्यांची, वेळ त्यांची. सकाळी दहाच्या आधी ते कुणालाही शिकवत नाहीत. का? मर्जी! ते कुणाकडे रजा मागत नाहीत, कारण मागायची कुणाकडे? माझे बाबा म्हणतात, स्टेअरिंग ज्याच्या हातात, तो राजा. आणि राजा कसा असतो ते मी रोज घरी बघते!" टाळ्या थांबता थांबेनात. शेवटच्या रांगेत बाबा चष्मा काढून डोळे पुसत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, कचरा गेला होता.

टाळ्या ओसरल्यावर गोगलगाय बोलली. ही मुलगी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलते, पण बोलली की चिकटते. "पण काय गं, तुझ्या बाबांच्या हातात स्टेअरिंग मी कधी बघितलंच नाही."

"अय्या, खरंच की!" लंबू किंचाळली. "कायम शेजारी बसलेले. हिचा राजा सिंहासनाशेजारच्या स्टुलावर बसतो!"

म्हणून हा प्रश्न. सकाळी, चहाच्या वेळी, तोंडात बिस्किट असताना.

बाबा चहाचा कप नेहमीसारखा दोन्ही हातांनी धरून पीत होते. त्यांनी कप सावकाश खाली ठेवला. "भिंगरे, पोहायला शिकवणारा माणूस काठावरच उभा असतो. त्यानंच उडी मारली तर शिट्टी कोण वाजवणार?"

भिंगरी खो खो हसली. बाबांचं हे असं होतं. कुठलाही प्रश्न टाका, गुदगुल्या होऊन परत यायचा. पण हिंमतीचा प्रश्न होता ना! "मग एकदा मारा की उडी! या रविवारी आम्हा तिघींना फिरवून आणा. तळ्यापर्यंत. तुम्ही चालवायची."

ओट्यापाशी आईचा हात थांबला. "रविवारी त्यांना आराम असू दे."

"आई, तुला कुणी विचारलंय?"

"अहो, सांगा ना तिला..."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग कपाटावरच्या त्या चकचकीत चषकाकडे. "तळ्यापर्यंत. ठरलं," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं भरल्या सभागृहात मला राजा केलंय. मग राजाला दोन पावलं गाडी हाकता येऊ नये होय?"

भिंगरीने टुणकन उडी मारून त्यांच्या गालाचा मुका घेतला. बाबांना पेपरमिंटचा वास यायचा, आणि त्याच्या मागे आणखी कसलातरी, गोडसर, उग्र. लहानपणापासून तिच्या लेखी तो बाबांचाच वास होता. आवडायचा तिला.

तसं बाबा 'घेतात' हे घरात काही गुपित नव्हतं. संध्याकाळी जेवणाआधी ते स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या उभ्या एक पेला रिकामा करायचे, आणि आईने कपाळाला आठ्या घातल्या की म्हणायचे, "अगं, सोडायची तर उद्या सोडेन. पण का सोडू? मी काय कुणाचा बांधील आहे?" भिंगरीला ते वाक्य इतकं आवडायचं की भाषणात घालायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. वर्गातल्या बाईंनीच नको म्हटलं.

आणि बाबांचं काम तरी काय झोकात चालायचं! एकच गाडी, जुनी, पण टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी. शिकवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे शेजारच्या सीटखाली, आणखी एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला. ॲक्सिलरेटर नाही. "पळणं शिकणाऱ्याचं, थांबवणं माझं," असं बाबा पहिल्याच दिवशी सांगायचे. नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की माणूस घाबरलाय की माजलाय. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं रस्त्यात भेटली की काच खाली करून "सर!" म्हणून ओरडायची. सकाळी दहाला पहिली येणारी व्यक्ती गाडी घरासमोरून काढायची, आणि संध्याकाळची शेवटची व्यक्ती गाडी घरासमोर आणून लावायची. ही त्यांच्या शाळेची पद्धतच होती. "सरांना सुखरूप घरी सोडणं हीच शेवटची परीक्षा," बाबा म्हणायचे, आणि लोक हसत हसत त्यांना घरी सोडायचे. फोन आई घ्यायची. "नाही हो, दहाच्या आधी सर शिकवत नाहीत. नाही, सातला नाही जमणार, नाही म्हणजे नाहीच." किती कडक आहे आपली आई, असं भिंगरीला वाटायचं.

रविवार उजाडला. बाबांनी सकाळीच गाडी धुतली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता, भांगही पाडला होता. पण चेहरा कसा, राखेसारखा.

"बाबा, ताप आहे का तुम्हाला?"

"छे! उत्साह आहे." ते हसले, पण ओठ दातांना चिकटल्यासारखे हसले. "आणि आज मास्तर तू. तू बस माझ्या जागेवर."

भिंगरी ऐटीत शेजारच्या सीटवर बसली. पायांखाली ते दोन पेडल बघून तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. मागे लंबू आणि गोगलगाय. लंबूचे गुडघे हनुवटीला टेकले होते. दारात आई उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

बाबांनी किल्ली लावायला घेतली. किल्ली भोकाच्या या बाजूला टेकली, मग त्या बाजूला. टक. टक. टक. जाईचना. बाबांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तेव्हा कुठे गेली.

भिंगरी त्यांच्याकडे वळली. तिला हे सगळं ओळखीचं होतं! हात कापणं, ओठ सुकणं, कपाळावर घाम. माइकसमोर उभं राहायच्या आधी तिचं अगदी असंच व्हायचं. बाबांना भीती वाटतेय, बिचारे. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता आणि आतून फडफडत होता, मुठीत धरलेल्या पाखरासारखा.

"दीर्घ श्वास घ्या बाबा," ती हळूच म्हणाली. "समोर कुणी नाहीच असं समजायचं. मी तसंच करते."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती ते पाहणं जन्मात विसरायची नाही. मग त्यांनी खरोखरच श्वास घेतला, आणि क्लच सोडला.

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

"सर, क्लच हळू सोडा, क्लच!" लंबूने बाबांचाच आवाज काढला. गोगलगायसुद्धा फिसकन हसली. बाबाही हसले, पण जरा उशिरा. पुन्हा चालू केली. पुन्हा गचका, पुन्हा बंद. मागे हसण्याचा नुसता फुगा फुटला. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ उतरून कॉलरमध्ये शिरला.

"एक मिनिट हं पोरींनो. रुमाल विसरलो."

ते उतरले. दारात आई उभी होती. ती नुसती बाजूला झाली. ते ज्या सवयीने आत गेले आणि ती ज्या सवयीने बाजूला झाली, ते भिंगरीने आरशातून पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, तिचं हसू तिथल्या तिथे विरलं.

बाबा परत आले ते वेगळेच बाबा होते. नेहमीचे. गालांना रंग होता, दाताखाली पेपरमिंटची गोळी कडकड वाजत होती. रुमाल हातात नव्हताच. "चला, राजा आला!" म्हणत त्यांनी किल्ली लावली. एका झटक्यात.

आणि मग बाबांनी गाडी चालवली.

देवा, काय चालवली! गल्लीतल्या अरुंद वळणावर त्यांनी एका हाताने असं स्टेअरिंग फिरवलं की भाजीची गाडी, उभी सायकल आणि झोपलेलं कुत्रं तिघांनाही कळलं नाही की कुणी गेलं. गिअर कधी बदलला ते ऐकूच येत नव्हतं. "बघितलंत? गाडीला ढकलायचं नसतं. तिला विचारायचं असतं," बाबा म्हणाले. लंबू म्हणाली, "काका, तुम्ही तर भारीच!" बाबा मान वळवून मागच्यांना गोष्ट सांगायला लागले, एका जाड्या सावकार शिकाऊ माणसाची, जो हॉर्नलाच ब्रेक समजायचा. पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

भिंगरी हसत नव्हती.

काचा बंद होत्या. गाडीभर पेपरमिंट पसरलं होतं, आणि त्याच्या मागून तो दुसरा वास. बाबांचा वास. भिंगरी काही कुक्कुलं बाळ नव्हती. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मघाशी पाखरासारखा फडफडणारा हात आता दगडासारखा स्थिर होता. म्हणजे ती भीती नव्हतीच. म्हणजे कपही दोन्ही हातांनी. म्हणजे दहाच्या आधी नाही. म्हणजे सकाळी पहिला माणूस घरापासून आणि संध्याकाळी शेवटचा माणूस घरापर्यंत. एकेक गोष्ट आपणहून येऊन दुसरीशेजारी बसत गेली, आणि तिला वाटलं, आपण भर सभागृहात माइक हातात घेऊन हे सगळं सांगितलं होतं. आपणच. मर्जी म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिचा पाय कधी त्या ब्रेकच्या पेडलवर जाऊन बसला, तिलाही कळलं नाही.

तळ्याच्या वळणावर रस्ता रिकामा दिसत होता. बाबा मागे वळून म्हणत होते, "आणि तो काय म्हणतो मला, सर, मी तर केव्हाचा ब्रेक वाजवतोय..."

आणि झाडाआडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली.

भिंगरीने दोन्ही पाय एकावर एक ठेवून ब्रेक दाबला, सीटवरून उठून उभं राहिल्यासारखा दाबला. टायर किंचाळले. लंबूचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. गाडी आचका देऊन थांबली आणि बंद पडली.

बाबागाडी बंपरपासून हातभर अंतरावर होती. आत एक बाळ पायातला मोजा ओढून काढण्यात गर्क होतं. बाईने आधी बाळाकडे पाहिलं, मग काचेतून बाबांकडे, मग टपावरच्या पिवळ्या पाटीकडे. आणि बाबागाडी उलटी फिरवून ती आली तशी मागे निघून गेली, जवळजवळ पळत.

"बघितलं होतं मी," बाबा म्हणाले. "दाबणारच होतो. पण शाब्बास गं भिंगरे! तयारीची निघालीस."

भिंगरीने खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

मागे कुणीतरी दार उघडलं. "आम्ही चालत जातो काका," गोगलगाय म्हणाली. लंबूने कपाळ चोळत भिंगरीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच तिला विनोद सुचला नाही. दोघी गेल्या.

भिंगरीने हात लांब करून किल्ली काढली आणि खाली उतरली. बाबाही उतरले. दोघांनी गाडी ढकलत कडेला लावली आणि घराकडे चालू लागले, ती पुढे, बाबा दोन पावलं मागे.

"ऐक ना," मागून आवाज आला. "कालपासून एक थेंब घेतला नव्हता मी. तुझी शपथ. विचार आईला. रात्रभर बसून होतो. म्हटलं, उद्या पोरीला फिरवायचंय, कोरं राहायचं. कोरा राहिलो होतो गं."

ती थांबली. "मग सकाळी?"

"सकाळी हात ऐकेनात." बाबांनी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले, एखाद्या लहान मुलाने नखं दाखवावीत तसे. "तू म्हणालीस ना, दीर्घ श्वास घ्या. घेतला मी. खरंच घेतला. नाही ऐकले."

भिंगरीला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला असता तर किती बरं झालं असतं! पण आतून नुसतं काहीतरी ढासळत होतं. तिने डोळ्यांवर मनगट घासलं. "तुम्ही तर म्हणता, सोडायची तर उद्या सोडेन."

"म्हणतो."

"किती वर्षं म्हणताय?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, काच खाली झाली आणि आतून कुणीतरी आनंदाने ओरडलं, "सर!" बाबांनी हात हलवला. तोच हात. तेव्हा भिंगरीला समजलं की स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या रांगेत बाबांच्या डोळ्यात कचरा गेलाच नव्हता, आणि ते अश्रू कौतुकाचेही नव्हते.

दारात आई होती. तिने गाडी नाही हे पाहिलं, भिंगरीच्या मुठीतली किल्ली पाहिली, आणि मटकन उंबऱ्यावरच बसली. "कुणाला लागलं?"

"कुणाला नाही," भिंगरी म्हणाली. "हातभर राहिलं. बाळ होतं."

आईने तोंडावर हात दाबला.

"आई, तुला माहीत होतं. दहाच्या आधी नाही, ते तूच ठरवलंस."

"मग काय करू?" आईचा आवाज चिरकला. "सकाळी तासभर जातो त्यांचा हात थांबायला. तोवर कुणाला दिसू नये म्हणून मी दार लावून बसते. त्यांना एकट्याने गाडीला हात लावू देत नाही. शेजारच्या सीटवर असेपर्यंत निभतंय, निभतंय म्हणत इतकी वर्षं काढली. मी पण माणूस आहे गं. बंद केलं तर खायचं काय? आणि तुला काय सांगायचं होतं? तू त्यांच्याकडे बघून हसायचीस ना, तेवढ्यावर तर घर चाललं होतं."

"तिला नको बोलू," बाबा आईला म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. "उद्यापासून सोडतो. बस? भिंगरे, आण ती किल्ली. गाडी आणायला हवी. उद्या दहाला सिस्टरबाई येतील."

सिस्टरबाई म्हणजे इस्पितळातल्या परिचारिका. आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईला कधीतरी मोकळ्या हवेत नेता यावं, एवढ्यासाठी रात्रपाळी करून सकाळी गाडी शिकायला यायच्या. चौकात अजून घाबरायच्या. घाबरल्या की बाबा म्हणायचे, "तुम्ही बिनधास्त चालवा, ब्रेकवर मी आहे."

बाबांचा पसरलेला हात भिंगरीसमोर होता. मघाचा दगडासारखा हात आता पुन्हा, अगदी बारीक, बोटांच्या टोकांशी थरथरायला लागला होता. तिला तो हात धरावासा वाटला. याच हाताने तिला सायकल शिकवली होती, मागून सीट धरून, सोडून दिल्यावरही धरलंय धरलंय म्हणत. किल्ली दिली तर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखं होईल. बाबा विनोद करतील, आई फोन घेईल, चषक कपाटावर चमकत राहील. किती सोपं होतं ते.

तिने किल्ली दाराआड टांगलेल्या आपल्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली. मग त्या दोघांसमोर उभी राहिली. माइक नव्हता, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि आवाज पूर्वीसारखा घशात अडकत होता. तरी तिने तो बाहेर काढला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या दहाला बेल वाजली की दार मी उघडणार. सिस्टरबाईंना सांगणार, शिकवणं बंद आहे. आणि का बंद आहे तेही सांगणार, ताप आला असं नाही सांगणार. मग त्यांनाच विचारणार, त्यांच्या इस्पितळात यासाठी कुठले डॉक्टर असतात. बाबा, तुम्ही येणार असाल तर मी तिथे रोज तुमच्याशेजारी बसेन, हात कापला तर धरेन, कितीही दिवस लागले तरी. पण त्या गाडीत तुमच्याशेजारी मी नाही बसणार आता, आणि आईलाही नाही बसू देणार. तुम्ही रागवा, रडा, माझ्याशी बोलू नका. किल्ली मी देणार नाही."